तिबारचं कुलूप

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे तिबार म्हणायचे. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. काम झालं की बाकीचे एकदा बघत, फार तर दोनदा. हा तिसऱ्यांदा बघितल्याशिवाय हत्यारांची पेटी बंद करत नसे. ब्रेक, दोर, दारांचे खटके, आणि मग पुन्हा ब्रेक. जोडीदार वैतागून जिन्यात बसून राहायचे आणि म्हणायचे, याला मुलगी झाली तेव्हा यानं दवाखान्यात तिची बोटं तीनदा मोजली असणार. त्यानं मोजली होती, पण तीनदा नव्हे. कितीदा, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

बेचाळीस वर्षं नोकरी झाली आणि त्याच्या हाताखालच्या एकाही लिफ्टला अपघात झाला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तसं कोरलेली पितळी पाटी दिली आणि डोळ्यांत तेल घालून काम करणारा असा माणूस पुन्हा मिळायचा नाही, असं भाषण ठोकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिबारनंही वाजवल्या. आता खरं सांगायचं तर हा माणूस काळजीपूर्वक काम करणारा वगैरे काही नव्हता. हा माणूस आजारी होता. पण आजार असा, की त्याचा दर महिन्याला पगार मिळत होता. मग नावं कोण कशाला ठेवील?

आठ-नऊ वर्षांचा होता तेव्हापासूनचं हे दुखणं. अंथरुणावर पडलं की वाटायचं, मोरीतला नळ सुरू राहिलाय, घरात पाणी भरेल, सगळे झोपेत बुडतील. उठून बघायचं, नळ बंद. परत पडलं की परत तेच. बापानं दोन थोबाडीत ठेवून दिल्या आणि डोकं ठिकाणावर आहे का, म्हणून विचारलं. तेव्हापासून तो आवाज न करता उठायला शिकला. पुढे शाळेत शेवटच्या परीक्षेला त्यानं पहिलं गणित सोडवलं आणि तीन तास तेच तपासत बसला. नापास झाला. घरच्यांनी कपाळाला हात लावला आणि एका ओळखीच्या माणसाच्या वशिल्यानं लिफ्टच्या कामाला चिकटवलं. तिथे पहिल्याच आठवड्यात मुकादमानं पाठ थोपटली, की पोरगा चोख आहे. ज्याच्यापायी घरात मार खाल्ला त्याचीच बाहेर शाबासकी मिळाली. त्यानंतर त्यानं आपल्याला काही झालंय हा विचार डोक्यातून काढूनच टाकला.

खरं काय ते एकट्या बायकोला ठाऊक होतं. लग्नानंतर महिन्याभरातच तिनं ओळखलं, आणि कधी त्यावरून वाद घातला नाही. घरातून निघताना तो दारात घुटमळायला लागला की ती स्वयंपाकघरात जाऊन यायची आणि म्हणायची, "बंद आहे हो, मी बघितलंय, चला." तेवढ्यावर त्याचे पाय हलायचे. ती गेली त्याला आता अठरा वर्षं झाली. ती जिवंत असती तर पुढचं घडलं नसतं, असं तिबारला वाटायचं. मला मात्र तसं वाटत नाही. ती बिचारी आयुष्यभर नवऱ्याची कुबडी झाली, नातीचीही झाली असती.

निवृत्तीनंतर तो मुलीकडे राहायला आला. मुलगी दातांच्या एका दवाखान्यात कवळ्या बनवायची. दिवसभर मेणाचे साचे आणि घासण्याचं मशीन, संध्याकाळी घरी येईपर्यंत केसांत पांढरी पूड. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. म्हणजे घरात माणसं तीन: तिबार, मुलगी आणि अकरा वर्षांची नात. नात एका जागी बसत नसे आणि कुरतडत काहीतरी सतत खायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे.

एके दिवशी सकाळी तिबार पेपर वाचत होता. खारू दप्तर पाठीला लावून बाहेर पडली, अर्ध्या जिन्यातून परत आली, स्वयंपाकघरात गेली, बाहेर आली. परत गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्यानं मान वर केली. पोरीनं गॅसच्या बटणावर बोट ठेवलं होतं आणि तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. पण तेवढ्यात मुलगी बूट घालता घालता हसून म्हणाली, अगदी आजोबांवर गेलीये, आपल्याला घराची काळजी नको. आणि काय सांगावं, क्षणभर म्हाताऱ्याला बरं वाटलं. त्या क्षणाबद्दल त्यानं पुढे स्वतःला पुष्कळ शिव्या घातल्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यानं खारूला गॅलरीत बसवून विचारलं. आधी तिनं उडवून लावलं, मग भडाभडा बोलली. शाळेत बसलं की वाटतं गॅस चालू राहिला, घर पेटलं, आई मेली. वाटणं थांबतच नाही. बघितलं तरी नीट बघितलं का, असं वाटतं. ती रडली नाही, खाली मान घालून सांगत राहिली. तिबार ऐकत होता आणि त्याला आपलंच मन कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटत होतं.

इथे तो एक वाक्य बोलला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. मलाही असंच होतं, इतकंच बोलायचं होतं. पण पन्नास वर्षं जे तोंडातून बाहेर काढलं नाही, ते अकरा वर्षांच्या पोरीपुढे कसं काढायचं? त्यानं त्याऐवजी आपल्या कामातला एक उपाय काढला.

लिफ्टच्या कामात एक नियम असतो. ज्याला दोरांच्या बोगद्यात उतरायचं असतं तो मेन स्विच बंद करतो, त्याला आपलं स्वतःचं लाल कुलूप घालतो आणि चावी खिशात टाकतो. मग ते कुलूप दुसऱ्या कुणी काढायचं नाही, साहेबानंसुद्धा नाही. चावी खिशात आहे तोवर लिफ्ट हलणार नाही, म्हणून आत उतरलेला माणूस निर्धास्त. तिबारकडे त्याचं लाल कुलूप अजून होतं. ओट्याखाली सिलिंडरचं कपाट होतं, त्याला कडी होती. त्यानं खारूला शिकवलं: रेग्युलेटर बंद कर, कपाट लाव, कुलूप घाल, चावी खिशात. शाळेत शंका आली की खिशाला हात लाव. चावी आहे म्हणजे बंद आहे.

नियम पक्का डोक्यात बसावा म्हणून त्यानं एक घडलेली गोष्टही सांगितली. दुसऱ्या तुकडीतल्या एका मुकादमानं घाई होती म्हणून दुसऱ्याचं कुलूप जादा चावीनं काढलं आणि लिफ्ट सुरू केली. आत बोगद्यात माणूस होता. "ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं," तो म्हणाला. "आणि तुझी भीती, ही गोष्ट, हे आपल्या दोघांत बरं का. आईला कशाला उगाच काळजी?"

आठ-दहा दिवस जादू झाल्यासारखं झालं. पोरगी हसत शाळेत जाऊ लागली. आपण आयुष्यभर जे जमवू शकलो नाही ते नातीला जमवून दिलं, म्हणून तिबार मनात फुगला. मुलीलाही कौतुक वाटलं. गॅसला कुलूप म्हणजे मायलेकींच्या डोक्याला शांतता, असं ती कामावर सांगायची. एक अडचण होती, पण ती तिबारनं गिळली: चावी शाळेत, म्हणून दुपारचं जेवण थंड. चहासुद्धा खारू आल्यावर.

मग खारूनं गॅलरीच्या दारासाठी कुलूप मागितलं. त्यानं आणून दिलं. मग मोरीच्या खिडकीसाठी, मग आईच्या कपाटासाठी. महिन्याभरात चार चाव्या झाल्या आणि ती त्या दोरीत ओवून गळ्यात घालू लागली. मग फोन सुरू झाले. शाळेच्या ऑफिसातून मधल्या सुट्टीत फोन यायचा, "आजोबा, बंद आहे ना?" तिबार उठायचा, ओट्यापर्यंत जायचा, कुलूप ओढून बघायचा, येऊन सांगायचा, "बंद आहे, मी बघितलंय." न बघता सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं. फोन ठेवल्यावर मात्र त्यालाच वाटायचं, आपण नीट ओढून बघितलं का? मग तो परत जायचा. पुढे फोन दिवसाला दोन झाले, मग चार. तिच्या एका फोनमागे त्याच्या दहा फेऱ्या. दुपारभर म्हातारा त्या बारा पावलांच्या वाटेवर येरझाऱ्या घालायचा आणि संध्याकाळी मुलीनं विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगायचा.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शाळेतून मुलीला फोन आला, की शाळा सुटून दोन तास झाले तरी खारू घरी जायला तयार नाही. मुलगी दवाखान्यातून तशीच धावली, तिबारही पोचला. खारू मैदानाच्या कडेच्या गटाराशी पोटावर पालथी पडली होती. खेळताना दोरी तुटून लाल कुलपाची चावी आत पडली होती. तिनं जाळीच्या फटींतून हात घालून घालून चिखल उपसला होता. गणवेश बरबटलेला, बोटांची टोकं सोललेली, दोन नखांतून रक्त. शिपाई बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन हताश उभा होता.

आईनं तिला उचलून घरी आणलं. घरी आल्यावर मुलीनं शेजाऱ्यांकडून लोखंड कापायची करवत मागवली, कुलूप कापून पाणी गरम करते म्हणाली, तशी खारू किंचाळत कपाटाला जाऊन बिलगली. दुसऱ्यानं काढलं तर माणूस मरतो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मुलीनं विचारलं, हे कुणी सांगितलं तुला? खारूनं आजोबांकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. हे आपल्या दोघांत, म्हणून सांगितलं होतं ना त्यांनी.

शेवटी मुलीनं एका हातानं पोरीला धरून दुसऱ्या हातानं कुलूप कापलं. ती रोज कवळ्या घासणारी बाई, तिच्या हाताला ते जड नव्हतं. करवतीच्या प्रत्येक ओढीला खारू आईच्या छातीवर हात ठेवून बघत होती, आई श्वास घेतेय की नाही. तिबार भिंतीला टेकून उभा होता. त्याला हे बघवत नव्हतं आणि मान फिरवायचीही हिंमत होत नव्हती.

चार दिवसांनी तिघं मनाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर मध्यमवयीन बाई, सर्दीनं नाक लाल झालेलं, टेबलावर रुमालांचा ढीग. तिनं तासभर एकट्या खारूशी गप्पा मारल्या, मग तिला बाहेर चित्रं काढायला बसवून या दोघांना आत बोलावलं. म्हणाली, हा आजार आहे आणि तो आटोक्यात येतो. शंका येते, तपासलं की थोडा वेळ बरं वाटतं, आणि मग तीच शंका दुपटीनं परत येते; तपासणं हेच तिचं खाणं. पोरीला भीती याची आहे, की आपण एकटीच अशी आहोत, आपल्यातच काहीतरी वाईट आहे. मग डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का? कधी होता का? माहीत असेल तर फार उपयोग होईल.

मुलगी म्हणाली, छे, आमच्यात असलं कुणालाच नाही. आणि मग वडिलांकडे हात करून ती कौतुकानं सांगू लागली. ही गोष्ट ती अठरा वर्षं सांगत आली होती. नवऱ्याला, मैत्रिणींना, दवाखान्यातल्या अनोळखी पेशंटांनासुद्धा. आईच्या छातीत दुखायला लागलं, तिनं बाबांच्या कामावर फोन केला. पण त्या वेळी लिफ्टमध्ये दोन माणसं अडकली होती. बाबांनी आधी त्यांना काढलं आणि मग घर गाठलं. तोवर आई गेली होती. "इतका घट्ट मनाचा माणूस आहे हो," ती डॉक्टरला म्हणाली. "यांच्या घरात असं कसं असेल?"

तिबारनं दाराच्या काचेतून बाहेर बघितलं. खारू चित्र काढत होती. एक रेघ काढायची, खोडायची, परत तीच काढायची. कागद खोडून खोडून फाटला होता. दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या.

आपण गप्प राहिलो तर मुलगी आपली राहील, हे त्याला लख्ख कळत होतं. बोललो तर ती जाईल, तेही कळत होतं.

"मला आहे," तो म्हणाला.

मुलीला कळलंच नाही. काय आहे, तिनं विचारलं.

"हेच. पोरीला आहे ते. नऊ वर्षांचा असल्यापासून." तो थांबला. मग डॉक्टरकडे न बघता मुलीकडे बघून म्हणाला, "त्या दिवशी लिफ्टमध्ये कुणी अडकलं नव्हतं."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. सात मजली इमारत. फोन आला तसा त्यानं पेटी आवरली, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीला कुलूप लावलं, जिना उतरला. लिफ्ट त्यानंच बंद केली होती. तळमजल्यावर आल्यावर वाटलं, खोलीचं कुलूप नीट बसलं का? कुणी पोर आत शिरलं तर? वर चढला, बघितलं, खाली आला. परत वाटलं. तिकडे बायको मरतेय हे माहीत होतं, आणि पाय वर जात होते. घरी पोचला तेव्हा ती दारातच बसली होती, चपला घालून, दवाखान्यात जायला तयार. आत गॅस बंद होता. तेवढ्यातही ती तो बंद करून आली होती.

डॉक्टरनं नाक पुसायला उचललेला रुमाल तसाच हातात धरला होता.

"किती वेळा चढलात?" मुलीनं विचारलं.

"नऊ वेळा."

मुलगी उठली, पर्स घेतली, दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. तिनं मागे वळून बघितलं नाही. डॉक्टरला म्हणाली, फाइल दोघांची करा, आणि बाहेर जाऊन खारूशेजारी बसली.

त्यानंतर घरात बोलणं असं राहिलं नाही. मुलगी ताट वाढायची, औषध पुढे ठेवायची, कपडे वाळत घालायची, सगळं करायची. फक्त बाबा म्हणून हाक मारायची नाही. तिबारनं कधी विचारलं नाही. विचारायला तोंड होतं कुठे? खारूला मात्र त्यानं सगळं सांगितलं, नळाचं, गणिताचं, अगदी बोटं मोजल्याचंही. ती डोळे विस्फारून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही पण?" त्या दिवशी तिनं एक चित्र न खोडता पुरं केलं.

डॉक्टरनं दोघांना एकच अभ्यास दिला होता. तपासायचं नाही. आणि दुसऱ्यानं विचारलं तर धीर द्यायचा नाही. "बंद आहे" हे शब्द घरातून हद्दपार. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचं: माहीत नाही. पहिल्यांदा जीव जाईल असं वाटतं, डॉक्टर म्हणाली होती, पण जात नाही. तिबारला त्या बाईचं सांगणं ऐकायला सोपं वाटलं होतं, कारण ती सांगत होती तेव्हा फोन वाजत नव्हता.

तो वाजला अकराव्या दिवशी, मधल्या सुट्टीत.

"आजोबा, बंद आहे ना?"

बेचाळीस वर्षं लोक त्याच्या शब्दावर विसंबून सात-सात मजले वर गेले होते. ब्रेक ठीक आहे, दोर ठीक आहे, असं त्यानं हजारदा सही करून दिलं होतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

पलीकडून बारीक आवाज आला, "मग बघून या ना. एकदाच."

"नाही बघणार. तूही नको बघू, मीही नाही बघत."

पोरगी रडायला लागली. आजोबा वाईट आहेत म्हणाली, घर पेटलं तर तुमच्यामुळे म्हणाली. तो फोन कानाला लावून ऐकत राहिला. मध्ये वर्गाची घंटा वाजली. रडणं दूर गेलं आणि ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, गेली वर्गात, काय झालंय हो तिला? त्यांनाही त्यानं माहीत नाही म्हणूनच सांगितलं.

मग तो खुर्चीत बसला. स्वयंपाकघर बारा पावलांवर. सकाळी घाईघाईत सगळ्यात शेवटी चहा त्यानंच केला होता, आणि बटण फिरवल्याचं काही केल्या आठवत नव्हतं. त्याला वास आल्यासारखं झालं. मग नाही आल्यासारखं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. घाम आला, सदरा पाठीला चिकटला, लघवीला लागली. पण मोरीची वाट स्वयंपाकघरावरून जात होती, म्हणून तो उठला नाही. शाळा सुटल्यावर खारू घरी आली, त्याच्याकडे न बघता स्वयंपाकघराला पाठ करून बसली आणि बाटलीतलं पाणी पिऊन पुस्तक उघडलं. दोघं तशीच बसून राहिली.

सहा वाजता मुलगी आली. केसांत पांढरी पूड. तिनं आधी पोरीचे सुजलेले डोळे बघितले, मग बापाचा ओला सदरा, ओली झालेली खुर्ची. तिला समजलं.

"बघितलंत?" तिनं विचारलं. अकरा दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी स्वतःहून बोलत होती.

"नाही."

ती स्वयंपाकघरात गेली. तिबार आणि खारू दोघंही मान वळवून तिच्या पाठीकडे बघत होते. आत भांड्याचा आवाज झाला, नळाचा झाला, आणखी कसला झाला की नाही ते कळलं नाही. ती बाहेर आली, तिच्या हातात फडका होता. तिनं दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. तिची आई असती तर या जागी एक वाक्य बोलली असती.

मुलगी काहीच बोलली नाही. खाली बसून ती खुर्चीखालची फरशी पुसू लागली.